मरळ व शिवड्यासाठी गळाची निवड

गावतळ्यात कटला, रोहू व मृगळ यांचे बीज सोडण्यापूर्वी मरळ व शिवडा हे भक्षक मासे काढून टाकणे अगत्याचे आहे. अन्यथा बीज त्यांच्याच पोटात जाते. जाळे फिरविल्यावरही मरळ पाणवनस्पतींत व चिखलात दडून राहते. अशा वेळी गळ उपयोगी पडतो. बारीक दोरी वनस्पतींत गुंतून तुटते. म्हणून जाड, बळकट दोरी व भक्कम गळ घ्यावा. शिवड्याचे दात तीक्ष्ण असतात, यास्तव गळाजवळ वीतभर तार जोडावी. आमिषास लहान मासा लावावा. मरळ हवेतूनही श्वास घेते. ओलसर ठेवल्यास बराच वेळ जिवंत राहते व ताजी विकता येते. ग्रामीण कार्यकर्त्यांनी बीजाची मागणी नोंदविण्याआधी ही खबरदारी शेतकरी बंधूंना अवश्य समजावून द्यावी.