दोन तासांच्या आत हाफ मॅरेथॉन
पहाटे पाचला बाभुळगावहून धामणगाव रोडनं पळायला निघतो. हाफ मॅरेथॉन म्हणजे २१.०९७५ किलोमीटर. दोन तासांच्या आत यायचं तर प्रत्येक किलोमीटर ५ मिनिटं ४१ सेकंदांत हवा. पहिले पाच जोशात काढले की सोळाव्यानंतर पोटऱ्या दगड होतात, हे मी दोनदा भोगलंय. म्हणून आता पऱ्हाटीवरचं दव बघत सावकाश सुरुवात करतो; वेग वाढवायचा तो दहाव्यानंतर. आठवड्यातून एकच दिवस जोरात पळा, बाकी दिवस गप्पा मारता येतील इतकंच. आपल्या बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२० मध्ये दिल्लीत हेच अंतर १ तास ३० सेकंदांत धावला, तो राष्ट्रीय विक्रम ठरला. किलोमीटरला जेमतेम २ मिनिटं ५२ सेकंद! काय दम असेल गड्याचा!