काठीच्या म्हाताऱ्यांचा व्यायाम कोण घेणार?

मार्च २०२० च्या टाळेबंदीत बागा बंद झाल्या आणि पुण्या-मुंबईचे योगवर्ग, हास्यक्लब मोबाईलच्या पडद्यावर आले. टाळेबंदी उठली तरी असे बरेच ऑनलाईन वर्ग राहिले. शिक्षक पडद्यावर दिसतो, पेन्शनर मंडळी आपापल्या घरी खुर्चीला धरून टाचा उचलतात. कोणी वाकला तर शिक्षक नाव घेऊन सांगतो, पाठ सरळ ठेवा. चांगलीच गोष्ट आहे. एकट्या पडलेल्या म्हाताऱ्याला त्यानिमित्ताने चार चेहरे दिसतात, तेही औषधच. सवाल एवढाच, की हा व्यायाम कोणाच्या वाट्याला येतो?

नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यातील काठी हे गाव वर्तमानपत्रांना वर्षातून एकदा, राजवाडी होळीला आठवते. मोरपिसांचे टोप, कमरेला भोपळे नि घुंगरू, रात्रभर ढोल. फोटो पाहून शहरी वाचक म्हणतो, यांना व्यायामाची काय गरज? डोंगर चढतात, रात्रभर नाचतात! हे कौतुक नव्हे, ही जुनीच वर्णवादी चाल आहे. राबणाऱ्याचे शरीर राबण्यासाठी, आणि निगा राखायची ती बसून खाणाऱ्याच्या शरीराची! मोळ्या वाहून गुडघा झिजतो, मजबूत होत नाही. गुजरातच्या ऊसतोडीत वर्षानुवर्षे वाकलेली कंबर साठीनंतर सरळ होत नाही. होळीची रात्र एकच, बाकीच्या ३६४ दिवसांचे काय?

जागतिक आरोग्य संघटना २०२० पासून सांगते आहे की, ६५ वर्षांवरील माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, दोन दिवस स्नायूंना बळ देणारा आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम करावा. हेतू हा, की माणूस पडू नये. शहरात खुबा मोडला तर दारात रुग्णवाहिका येते. सातपुड्याच्या कित्येक पाड्यांतून आजही माणूस झोळीत घालून खाली आणावा लागतो. मग तोल सांभाळायला शिकण्याची गरज जास्त कोणाला?

देशातले पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले. बोटांचे ठसे घ्यायला सरकार आदिवासींकडे सर्वांत आधी आले, मोबाईलची रेंज मात्र अनेक पाड्यांना अजून डोंगरावर जाऊन शोधावी लागते. श्रावणबाळ योजनेचे मानधन २०२३ मध्ये १५०० रुपये झाले. त्यात गोळ्या घ्यायच्या की नेटचा रिचार्ज मारायचा? संविधानाचे अनुच्छेद ४१ वार्धक्यात मदतीची जबाबदारी राज्यावर टाकते. त्यातल्या ‘आर्थिक कुवती’च्या शब्दांआड सरकार लपते, पण २१ जूनच्या योगदिनाच्या मंडपाला ही कुवत आड येत नाही!

प्रत्येकाच्या हाती मोबाईल द्यायची गरज नाही. जिल्हा परिषद शाळेची खोली, भिंतीवर एक पडदा, शेजारी आशाताई, तिला या कामाचा वेगळा मोबदला. शिकवणारा भिल्ली-पावरी बोलणारा हवा. नेट गेले तर पुढचा वर्ग आशाताईने घ्यावा. शहरी वर्गात पहिली सूचना असते, खुर्ची घ्या. पाड्यावर खुर्ची कुठली? खाटेवरून हात न टेकता उठावे-बसावे, घराच्या खांबाला धरून एका पायावर उभे राहावे, व्यायाम तोच. ताल धरायला ढोलवाला गावचाच घ्यावा, आणि त्याची मजुरी आरोग्य खात्याने द्यावी.