दर्शनी भाग नसलेलं स्टेशन

मालाडच्या खाणींतला पिवळसर दगड एके काळी थेट दक्षिण मुंबईत जायचा. जॉर्ज विटेट यांनी आराखडा केलेल्या फोर्टमधल्या वस्तुसंग्रहालयात कुर्ल्याच्या करड्या दगडाशेजारी तो आजही दिसतो. तेव्हाच्या इमारती आपलं वैभव दर्शनी भिंतीवर मिरवायच्या. सीएसएमटी त्यांतलीच. तिच्याजवळ जमिनीखाली आता मेट्रो-3चं स्टेशन आहे आणि त्याला दर्शनी भिंतच नाही.

माझा जन्म नकाशे काढण्यात गेला. मला विचाराल तर भुयारी स्टेशनाची सारी कारागिरी सेक्शनमध्ये, म्हणजे उभ्या छेदात असते.

आमच्या मालाडच्या 2अ आणि 7 या दोन्ही मेट्रो खांबांवरून धावतात. कुरारहून गुंदवली, तिथून पूल ओलांडून मेट्रो-1 आणि मरोळ नाक्याला जमिनीखाली, असा माझा रस्ता. मेट्रो-3 म्हणजे आरे ते कफ परेड 33.5 किलोमीटर, 27 स्टेशनं, त्यांतली 26 भुयारी. ऑक्टोबर 2024मध्ये पहिला टप्पा आणि ऑक्टोबर 2025मध्ये पूर्ण मार्ग सुरू झाला.

लंडनने 1863मध्ये रस्ता खणून, रूळ टाकून, वरून झाकून पहिली भुयारी रेल्वे केली. इथली बहुतेक स्टेशनं त्याच तत्त्वावर झाली. आधी जमिनीत काँक्रीटच्या खांबांची सलग रांग उतरवायची. मग आतला खडक उपसत, त्या भिंतींना लोखंडी आधार देत तळ गाठायचा. तिथून स्लॅब, प्लॅटफॉर्म, तिकिटांचा मजला, छत आणि शेवटी पुन्हा रस्ता.

गिरगाव-काळबादेवीत एवढी मोकळी जागा कुठली? तिथे खडक आतूनच थोडा थोडा कोरला. प्रत्येक टप्प्याला उघड्या खडकावर लगेच काँक्रीटचा फवारा, रॉक बोल्ट, मगच पुढचा घास. मुंबईचा बेसाल्ट कणखर, पण मध्येच ठिसूळ ब्रेशिया लागतो. म्हणून वरच्या इमारती किती हलतात, खचतात, यावर उपकरणांची नजर. तरीही काही जुन्या इमारती पाडाव्या लागल्याच. या स्टेशनांचा हिशेब मांडताना तिथल्या रहिवाशांनी सोडलेली घरंही त्यात धरली पाहिजेत.

प्लॅटफॉर्मच्या कडेची काचेची दारं नीट पाहा. ती माणसाला रुळांवर पडू देत नाहीत, शिवाय भुयारातली गरम हवा बाहेरच अडवतात.

प्रत्येक स्टेशनात त्याचा सेक्शन भिंतीवर मोठा रंगवावा, अशी माझी मनापासून मागणी आहे. आपल्या डोक्यावर किती मजले, किती खडक आणि कोणाची घरं आहेत, हे खाली उतरणाऱ्या प्रत्येकाला कळलं पाहिजे.