रेंज जाते, जीपीएस जात नाही

ताम्हिणीत किंवा वरंधा घाटात मोबाइलची रेंज गेली की गाडीतलं कोणीतरी हमखास म्हणतं, "नेट गेलं, आता जीपीएस बंद." ट्रेकच्या ग्रुपवर हेच वाक्य वाचायला मिळतं, लग्नाला कोकणात निघालेल्या पाहुण्यांच्या तोंडी हेच असतं. चांगली शिकलेली, दिवसभर मोबाइल हाताळणारी माणसंही ते बिनदिक्कत बोलतात. हे पूर्ण चूक आहे. आणि ही चूक निरुपद्रवीही नाही. सह्याद्रीत वाट चुकलेला माणूस याच समजुतीपायी फोन खिशात ठेवून देतो, आणि त्याच वेळी तो फोन त्याला 'तू नेमका इथे उभा आहेस' हे सांगू शकत असतो.

जीपीएसला इंटरनेट लागत नाही. सिमकार्डही लागत नाही. जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि प्रत्येक जण अखंड एकच गोष्ट सांगत असतो: आत्ता किती वाजले आणि मी कुठे आहे. आकाशवाणीसारखंच आहे हे. केंद्र प्रक्षेपण करतं, ज्याच्याकडे रेडिओ आहे तो ऐकतो, आणि कोण ऐकतंय हे केंद्राला कळत नाही. तुमचा फोन या उपग्रहांना काहीही पाठवत नाही, तेवढी ताकद त्याच्या अँटेनात नसते. तो फक्त ऐकतो. संदेश यायला किती वेळ लागला यावरून तो प्रत्येक उपग्रहापासूनचं आपलं अंतर काढतो. असे चार उपग्रह ऐकू आले की अक्षांश, रेखांश, उंची आणि अचूक वेळ, चारही गोष्टी निघतात. घड्याळात एक मायक्रोसेकंदाची चूक झाली तर अंतर ३०० मीटरनी चुकतं, म्हणून उपग्रहांत अणुघड्याळं बसवलेली असतात. या सगळ्यात मोबाइल टॉवर कुठेच नाही.

तरीही कोणाला शंका असेल तर त्याने रत्नागिरी किंवा मालवणच्या बंदरावर जाऊन मच्छीमारांना विचारावं. किनारा दिसेनासा होतो तिथे मोबाइलची रेंज नसते, आणि नेमक्या तिथेच ट्रॉलरवरचं जीपीएस यंत्र त्यांना मासळीच्या जागी नेतं आणि परत आणतं. घरच्या घरीही खात्री करता येते. फोन फ्लाइट मोडवर टाका, लोकेशन चालू ठेवा, मोकळ्या मैदानात या आणि नकाशा उघडा. निळा ठिपका तुमच्याबरोबर चालू लागेल.

मग हा समज इतका घट्ट का बसलाय? त्याला दोन कारणं आहेत. पहिलं असं की नेट गेल्यावर जीपीएस जात नाही, नकाशा जातो. अ‍ॅप रस्त्यांचं चित्र तुकड्यातुकड्याने नेटवरून आणत असतं. ते येणं थांबलं की पडदा करडा होतो. ठिपका जागेवरच असतो, पण त्याच्या खाली काहीच नसतं, म्हणून माणसाला वाटतं सगळंच बंद पडलं. दुसरं कारण जरा सूक्ष्म आहे. कोणता उपग्रह कुठे आहे ही माहिती फोन एरवी नेटवरून क्षणात उचलतो. नेट नसेल तर ती उपग्रहाकडूनच ऐकावी लागते, आणि उपग्रह ती सेकंदाला अवघे ५० बिट या वेगाने पाठवतो. एका उपग्रहाची नेमकी कक्षा कळायला ३० सेकंद लागतात, सगळ्यांची ढोबळ यादी पुरी व्हायला साडेबारा मिनिटं. म्हणजे बराच वेळ बंद असलेला फोन घाटात पहिल्यांदा उघडलात तर ठिपका यायला वेळ लागू शकतो. आपण पाच सेकंद वाट पाहतो आणि निकाल देऊन टाकतो. उघड्या आकाशाखाली दोन-तीन मिनिटं थांबा, एवढंच तर करायचं असतं!

एकदा हे समजलं की 'कोणतं अ‍ॅप चांगलं' हा वादही वेगळा दिसू लागतो. "अमक्या अ‍ॅपचं जीपीएस जास्त पॉवरफुल आहे" या बोलण्याला काही अर्थ नाही. जागा शोधते ती फोनमधली चिप, आणि गुगल मॅप्स असो, अ‍ॅपल मॅप्स असो की मॅपल्स, सगळी अ‍ॅप तिचंच उत्तर वापरतात. अमेरिकी सरकारच्या जीपीएस संकेतस्थळाने दिलेला आकडा असा आहे की मोकळ्या आकाशाखाली स्मार्टफोनची जागा साधारण ४.९ मीटरच्या आत बरोबर येते. अ‍ॅप बदलून तो सुधारत नाही. अ‍ॅपमध्ये फरक असतो तो नकाशाचा, वाहतुकीच्या माहितीचा आणि नेट नसताना काय चालतं याचा.

घाटात जाणाऱ्याने या शेवटच्या गोष्टीकडे पाहावं. गुगल मॅप्समध्ये आपल्या फोटोवर बोट ठेवलं की 'ऑफलाइन नकाशे' दिसतं, तिथून हवा तो भाग आधी उतरवून घेता येतो. मग गाडीचा रस्ता नेटशिवाय मिळतो. पण पायी चालण्याचा, सायकलचा किंवा बस-रेल्वेचा मार्ग ऑफलाइन मिळत नाही, हे गुगलनेच आपल्या मदत पानावर लिहिलं आहे. वाहतूक कोंडीही दिसत नाही. अ‍ॅपल मॅप्समध्ये ही सोय २०२३ सालच्या आयओएस १७ पासून आली. ऑरगॅनिक मॅप्स आणि ऑसमअँड ही अ‍ॅप तर ऑफलाइन वापरासाठीच बांधलेली आहेत. ती २००४ साली सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून काढलेल्या नकाशावर चालतात आणि त्यांत पायवाटाही असतात. गडावर जाणाऱ्याने माझ्या मते यांपैकी एक फोनमध्ये ठेवावंच. शहरात मात्र गुगलची वाहतुकीची माहिती सरस पडते. पत्ता अचूक हवा असेल तर १९९५ पासून भारतात नकाशे करणाऱ्या मॅपमायइंडियाचं मॅपल्स वापरून पाहावं.

बाकीचे समज थोडक्यात. 'नाविक' हे गुगल मॅप्सला पर्याय असलेलं अ‍ॅप नाही. ती जीपीएससारखी इस्रोची उपग्रह यंत्रणा आहे, आणि फोनच्या चिपमध्ये सोय असेल तर तिचे संकेत तुम्ही कोणत्याही अ‍ॅपमधून वापरता. नकाशातलं उपग्रहचित्र थेट प्रक्षेपण नसतं, ते अनेकदा काही वर्षांपूर्वीचं असतं. रस्ता लाल झालेला उपग्रहाला दिसत नाही, तो अंदाज रस्त्यावरच्या फोनच्या वेगावरून बांधतात. २०२० साली सायमन वेकर्ट या कलाकाराने ९९ फोन हातगाडीत घालून बर्लिनच्या रिकाम्या रस्त्यावर नकाशात कोंडी उभी करून दाखवली होती. लोकेशन बंद केलं म्हणजे आपण अदृश्य झालो असंही नाही, फोन कोणत्या टॉवरच्या टप्प्यात आहे हे मोबाइल कंपनीला कळतच असतं.

एका समजाला मात्र एक ओळ पुरणार नाही, कारण तो जीव घेतो: नकाशावर रस्ता आहे म्हणजे तो जमिनीवरही आहे. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कळसूबाईकडे निघालेली एक गाडी रात्रीच्या अंधारात नकाशाच्या सांगण्यावरून पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यात गेली आणि चालवणारा बुडाला. पूल पाण्याखाली होता. गावकऱ्यांना ते माहीत होतं, नकाशाला नव्हतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये बरेलीजवळ रामगंगेवरच्या तुटलेल्या पुलावरून गाडी कोसळून तिघे गेले. या दोन्ही वेळी चूक उपग्रहांची नव्हती. गाडी कुठे आहे हे उपग्रह सांगतात, पुढे पूल शिल्लक आहे का हे ते सांगू शकत नाहीत.

म्हणून निघण्याआधी घरच्या वायफायवर नकाशा उतरवून घ्या. वाट चुकलात तर ठिपक्यावर बोट दाबून धरा, दिसणारे अक्षांश-रेखांश टिपून ठेवा आणि थोडी रेंज मिळताच एसएमएसने पाठवा, त्याला डेटा लागत नाही. रात्री अनोळखी रस्त्यावर पुढे पाणी किंवा काळोख दिसला तर गाडी थांबवून माणसाला विचारा. आणि तुमच्या गावचा पूल वाहून गेला असेल, रस्ता पावसाळ्यात बुडत असेल, तर ती चूक अ‍ॅपमध्ये कळवा. जवळजवळ प्रत्येक अ‍ॅपमध्ये तशी सोय आहे, आणि ओपनस्ट्रीटमॅपमध्ये तर ती दुरुस्ती तुम्ही स्वतःच करू शकता.