घरच्या श्वानाला गंधशोध कसा शिकवावा?

छत्तीसगडमधील भिलाई हे नाव पोलाद कारखान्यामुळे देशभर परिचित आहे. छत्तीसगड सशस्त्र दलाच्या सातव्या वाहिनीचे मुख्यालयही याच शहरात असून तेथे पोलीस श्वानांना प्रशिक्षण दिले जाते. बस्तरच्या जंगलात पेरलेले सुरुंग हुडकण्यासाठी सुरक्षा दले अशा श्वानांची मदत घेतात. या प्रशिक्षणामागील मूळ तत्त्व साधे आहे आणि घरातील पाळीव कुत्र्यालाही ते खेळाच्या रूपाने शिकवता येते. त्यासाठी मैदान, महागडी साधने किंवा विशिष्ट जातीचा कुत्रा लागत नाही. हुंगण्याची विद्या कुत्र्याला उपजतच असते. ती वापरत असताना त्याच्या कामात ढवळाढवळ न करणे, हे मालकाला शिकावे लागते.

नाकाचे सामर्थ्य

माणसाच्या नाकात गंध टिपणाऱ्या पेशी सुमारे पन्नास ते साठ लाख असतात, तर कुत्र्याच्या नाकात जातीनुसार वीस ते तीस कोटी, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. हुंगताना कुत्रा सेकंदाला सुमारे पाच वेळा हवा आत ओढतो. उच्छ्वास नाकपुड्यांच्या बाजूच्या फटींतून मागे जात असल्याने समोरून येणारा गंध विस्कटत नाही.

या सामर्थ्याचे महाराष्ट्राला परिचित असलेले उदाहरण म्हणजे मुंबई पोलिसांचा 'जंजीर' हा लॅब्राडोर. पुण्यात प्रशिक्षण घेतलेल्या या श्वानाने १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या काळात ३,३०० किलोहून अधिक आरडीएक्स शोधून दिल्याची नोंद आहे. नोव्हेंबर २००० मध्ये त्याचे निधन झाले. अशा श्वानाला स्फोटकाचा अर्थ ठाऊक नसतो. विशिष्ट वास सापडला की बक्षीस मिळते, एवढेच त्याला ठाऊक असते. देशी कुत्रीही यात मागे नाहीत. पश्चिम बंगाल पोलिसांनी 'आशा' नावाच्या रस्त्यावरील कुत्रीला स्फोटके शोधण्यासाठी तयार केले होते.

पहिला टप्पा : खाऊचा शोध

पाळीव कुत्र्यांसाठी गंधशोधाचा खेळ २००६ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सुरू झाला. त्याची सुरुवात पुठ्ठ्याच्या खोक्यांपासून होते.

खोलीत पाच-सहा उघडी खोकी ठेवावीत आणि एकात कुत्र्याच्या आवडीचा खाऊ टाकावा. उकडलेल्या कोंबडीचे बारीक तुकडे किंवा पनीर यासाठी चालते. कुत्र्याला मोकळे सोडून मालकाने शांत उभे राहावे. बोट दाखवू नये, हाका मारू नयेत, योग्य खोक्याकडे टक लावून पाहू नये. खाऊ सापडताच तो कुत्र्याला तेथेच खाऊ द्यावा आणि लगेच आणखी एक तुकडा त्याच खोक्यात टाकावा. सापडलेली जागा आणि बक्षीस यांची सांगड त्यामुळे पक्की होते. तीन-चार फेऱ्यांनंतर, कुत्र्याचा उत्साह टिकून असतानाच, खेळ थांबवावा. दोन आठवडे रोज एवढा सराव पुरेसा होतो.

दुसरा टप्पा : लवंगेचा वास

या खेळाच्या स्पर्धांत वापरल्या जाणाऱ्या वासांत लवंगेचाही समावेश आहे. भारतीय स्वयंपाकघरात ती सहज मिळत असल्याने घरच्या सरावाला सोयीची ठरते. झाकणाला भोके पाडलेल्या लहान डबीत दोन-तीन लवंगा ठेवून डबी घट्ट बंद करावी. सुरुवातीला ही डबी खाऊसोबत एकाच खोक्यात ठेवावी. काही दिवसांनी खोक्यात केवळ डबी असावी आणि ती सापडल्यावर मालकाने खाऊ तेथे नेऊन द्यावा. डबी शोधल्यावर कुत्रा थबकतो, बसतो किंवा मालकाकडे पाहतो. ही त्याची 'खूण' ओळखायला शिकणे हा या टप्प्याचा महत्त्वाचा भाग होय.

येथे एक चूक वारंवार घडते. डबी ठेवलेल्या खोक्यालाच मालकाचा हात लागलेला असतो आणि कुत्रा लवंगेऐवजी त्या हाताचा ताजा वास शोधू लागतो. म्हणून सर्व खोकी सारखीच हाताळावीत आणि काहींमध्ये रिकामी डबी ठेवावी.

पंखा, कूलर आणि उन्हाळा

गंध हवेसोबत वाहतो. पंखा किंवा कूलर सुरू असेल तर लवंगेचा वास खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन साचतो आणि कुत्रा तेथे घुटमळतो. ही त्याची चूक नव्हे. वासाचा माग काढत तो उगमापर्यंत पोहोचेल इतका वेळ त्याला द्यावा. नवशिक्या कुत्र्यासाठी प्रारंभी पंखा बंद ठेवणे चांगले.

भिलाईत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. धापा टाकणारा कुत्रा तोंडाने श्वास घेतो आणि तेवढा वेळ त्याचे हुंगणे कमी होते. त्यामुळे उन्हाळ्यात पहाटे, थंड खोलीत आणि जवळ पाणी ठेवूनच सराव करावा. दुपारच्या तापलेल्या रस्त्यावर फिरणे अशक्य असते, तेव्हा घरातल्या घरात कुत्र्याच्या मेंदूला काम देणारा हा खेळ विशेष उपयोगी पडतो.

मालकाची परीक्षा

कुत्रा वासाप्रमाणेच माणसाची देहबोलीही वाचतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात प्रशिक्षित श्वानांच्या १८ जोड्यांनी, म्हणजे श्वान आणि त्याचा हाताळणारा यांनी, भाग घेतला. शोधाच्या जागी अमली पदार्थ किंवा स्फोटके मुळीच नव्हती. ती असल्याचे हाताळणाऱ्यांना मात्र सांगण्यात आले होते. परिणामी बहुतेक फेऱ्यांत श्वानाने खूण केल्याचे त्यांनी नोंदवले.

हा प्रश्न केवळ खेळापुरता नाही. महाराष्ट्रातील एका फौजदारी खटल्यात १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने श्वानाने काढलेल्या मागाला पुरावा म्हणून फारसे वजन देता येणार नाही, अशी भूमिका घेतली होती. श्वानाची उलटतपासणी घेता येत नाही. त्याच्या वतीने बोलतो तो माणूस, आणि माणसाचे जीवित व स्वातंत्र्य अशा अनुमानावर अवलंबून असू नये, हे आक्षेप न्यायालयाने विचारात घेतले.

घरी यावर सोपा उपाय आहे. कुत्र्यासोबत असणाऱ्या व्यक्तीला जागा ठाऊक नसताना घरातील दुसऱ्या कोणीतरी डबी लपवावी आणि स्वतः खोलीबाहेर थांबावे. सहा खोक्यांपैकी योग्य खोके केवळ योगायोगाने निवडले जाण्याची शक्यता सहात एक असते. दहा फेऱ्यांत एक-दोनदाच यश आले तर तो योगायोग असू शकतो. आठ-नऊ वेळा आले तर कुत्रा खरोखर शिकला, असे म्हणता येते. अधूनमधून एकाही खोक्यात डबी ठेवू नये. तरीही कुत्र्याने खूण केली, तर पुन्हा आधीच्या टप्प्यावर जावे.

लाभ, काळजी आणि मर्यादा

फ्रेंच संशोधक शार्लोट द्युरँतों आणि अमेरिकी संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २० पाळीव कुत्र्यांवर केलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन आठवडे गंधशोध केलेली कुत्री, खाऊ असेल की नाही हे अनिश्चित असलेल्या भांड्याकडे पूर्वीपेक्षा लवकर जाऊ लागली. मालकाच्या पायाशी चालण्याचा सराव केलेल्या कुत्र्यांत असा बदल दिसला नाही. हुंगण्याची आणि स्वतः निर्णय घेण्याची मोकळीक कुत्र्याला अधिक आशावादी बनवते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. वृद्ध किंवा पायाने अधू कुत्र्यांनाही हा खेळ झेपतो.

लवंग किंवा लवंगेचे तेल कुत्र्याच्या पोटात जाता कामा नये. चॉकलेट, मनुका, कांदा आणि लसूण यांचा बक्षीस म्हणून कधीही वापर करू नये.

लवंग शोधणारा कुत्रा स्फोटके किंवा गॅसगळती शोधू शकत नाही. संशयास्पद वस्तू आढळल्यास कुत्र्याला तिच्याजवळ नेऊ नये, वस्तूला हात न लावता दूर जावे आणि ११२ या क्रमांकावर पोलिसांना कळवावे.