मोजणी कोणाच्या हाती?

तेंदूपत्त्याचा एक पुडा म्हणजे सत्तर पाने, आणि असे हजार पुडे झाले की एक प्रमाण गोणी. किनवट-माहूरच्या रानात उन्हाळ्यात पहाटेच पाने तोडायला निघणाऱ्या बाईला हा हिशेब तोंडपाठ असतो. पण त्या गोणीचा लिलाव कसा लावायचा, वाहतूक परवान्यावर काय लिहायचे, गावाचे रान नकाशावर कोणत्या नाल्यापासून कोणत्या टेकडीपर्यंत धरायचे, हे तिच्या मुलीला शिकायचे असेल तर ती कुठे जाईल, आणि तिकडच्या खोलीचे भाडे कोण भरेल? काही देशांत मूलनिवासी तरुणांसाठी दिवंगत व्यक्तींच्या नावाने शिष्यवृत्त्या आहेत आणि त्यांचे विषय असतात पर्यावरणाची शाश्वतता आणि समाजांमधला समेट. हे दोन विषय एका दावणीला का बांधले, असे आपल्याला पटकन वाटते. किनवटमध्ये मात्र ते वेगळे काढताच येत नाहीत. इथला जुना तंटा रानावरून आहे, आणि रान टिकवायचे तर आधी तो तंटा मिटावा लागतो.

आज मराठवाड्यात असलेला किनवट तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानातल्या आणि पुढे हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. त्याच जिल्ह्यात १९४० साली जोडेघाटला उठावाचा गोंड पुढारी कुमरम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडला. जंगल राखीव झाले म्हणून गोंड-कोलामांच्या वस्त्या उठवल्या जात होत्या, आणि कसत्या जमिनीचे पट्टे कागद वाचता येणाऱ्या बाहेरच्या माणसांच्या नावावर चढत होते. उठाव मोडल्यावर निजाम सरकारने त्याची कारणे शोधायचे काम मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्याकडे दिले. ते मारलवाई या गोंड गावात राहिले आणि १९४३ मध्ये तिथेच गोंड शिक्षक तयार करणारे केंद्र उघडले गेले. गोंडीची वाचनपुस्तके नागरी लिपीत छापली, कारण या मुलखाला मराठीची सवय होती. त्याच दशकात हजारो आदिवासी कुटुंबांना जमिनीचे पट्टेही मिळाले. सरकारचा हेतू काही निव्वळ परोपकाराचा नव्हता, पुन्हा बंदूक उचलली जाऊ नये हाही हिशेब त्यात होताच. तरी एक गोष्ट त्या वेळी नेमकी हेरली गेली. पट्टा दिला आणि तो वाचणारा गावात नसला, तर पट्टा टिकत नाही. म्हणून जमीन आणि शाळा एकदमच आली.

हीच गरज २००६ च्या वनहक्क कायद्याने पुन्हा उभी केली. या कायद्याच्या प्रास्ताविकात आदिवासींवर 'ऐतिहासिक अन्याय' झाल्याची कबुली आहे. समेटाची सुरुवात कबुलीने होते असे धरले, तर आपल्याकडचा समेटाचा कागद हाच. पण कबुलीनंतरचे काम फार रुक्ष आहे. सामूहिक वनहक्काचा दावा आधी ग्रामसभेने मंजूर करायचा, मग तो उपविभागीय आणि जिल्हा समितीकडे जातो. सोबत हद्दीचा नकाशा, वहिवाटीचे पुरावे, म्हाताऱ्या माणसांचे जबाब लागतात. हक्क मिळाल्यावर रानाच्या संवर्धनाचा आराखडाही ग्रामसभेनेच करायचा आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला हक्क मिळाला २००९ मध्ये, पण स्वतःचा बांबू विकण्यासाठी वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडायला एप्रिल २०११ उजाडला, आणि त्यासाठी केंद्रीय मंत्र्यांना गावात यावे लागले. मेंढ्याकडे बरीच वर्षे चाललेला अभ्यासगट होता म्हणून ते गाव तगले. गोंडांच्या प्रत्येक गुड्यात आणि कोलामांच्या प्रत्येक पोडात, म्हणजे वस्तीवस्तीत, असा गट कुठून आणायचा? झाडांची गणती, संगणकावर नकाशा, ग्रामसभेचे जमाखर्च जाणणारे दोन-तीन पदवीधर गावचेच असले, तर दर कागदासाठी तालुक्याच्या दलालाचे किंवा भल्या संस्थेचे तोंड पाहावे लागत नाही.

सरकार शिष्यवृत्ती देतेच, मग त्यासाठी दिवंगतांच्या नावाची आणखी एक शिष्यवृत्ती कशाला, असे कोणी विचारेल. आक्षेप रास्त आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, किनवटला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, वसतिगृहे आहेत. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी २०१६-१७ पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे. तिचा सुरुवातीचा दर मुंबई-पुण्यासाठी वर्षाला ६० हजार रुपये होता, म्हणजे खाणे, राहणे आणि निर्वाह भत्ता धरून महिन्याला ५ हजार. पुण्यात कॉट बेसिसवर राहिलेल्या कुणालाही विचारा, यात काय भागते. शिवाय रक्कम हाती कधी पडेल याचा भरवसा नसतो. २०१८ मध्ये वसतिगृहातल्या जेवणाऐवजी खात्यावर पैसे द्यायचे ठरले, तेव्हा जुलैत आदिवासी मुले-मुली पुण्याहून नाशिककडे पायी निघाली होती. त्याच वर्षी टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या मुंबई, तुळजापूरसह इतर संकुलांत फीसवलत काढून घेतल्यावरून विद्यार्थ्यांचा संप झाला. खासगी देणगीने सरकारी हक्काची जागा घेऊ नये, हे इथे ठणकावून सांगायला हवे. घेतली तर सरकारला हात झटकायला निमित्तच मिळेल. स्मृती-शिष्यवृत्तीचे काम वेगळे आणि छोटे आहे. सरकारी पैसा येईपर्यंतचे चार-सहा महिने आणि सरकारी तक्त्यात कधीच न बसणारा खर्च, म्हणजे क्षेत्रकामाचा प्रवास, यंत्रे आणि गावात राहून केलेली नोंद, एवढे तिने उचलावे.

दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो. आदिवासी पोरांनी रानाचाच अभ्यास का करावा? त्यांनी शल्यविशारद व्हावे, सिनेमे काढावेत. खरेच आहे, आणि शिष्यवृत्तीच्या नावाखाली कुणाला रानात कोंडून घालणे हा नवा अन्यायच ठरेल. पण अनुभव थोडा वेगळे सांगतो. झारखंड सरकारने मरांग गोमके जयपालसिंह मुंडा यांच्या नावाने परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती सुरू केली. १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकलेल्या हॉकी संघाचे हे कर्णधार, ऑक्सफर्डला गेले ते एका पाद्र्याच्या पाठबळावर, आणि पुढे घटना समितीत आदिवासींची बाजू मांडायला उभे राहिले. या शिष्यवृत्तीवर २०२१ मध्ये पहिली सहा मुले ब्रिटनला गेली. विषयांच्या यादीतून हवा तो निवडायची त्यांना मोकळीक होती. कोणी वास्तुकला घेतली, कोणी भाषाशास्त्र, कोणी सर्जनशील लेखन, आणि हवामान बदल हा विषयही त्यांतल्या काहींनी आपणहून निवडला. म्हणजे दार उघडे ठेवले तरी काही जण रानाकडे येतातच. कमतरता आहे ती त्या वाटेवरच्या पैशाची, कारण वैद्यकीय-अभियांत्रिकीला मदत करायला हौसेने पुढे येणारे दाते नैसर्गिक संसाधनांच्या पदव्युत्तर अभ्यासाचे नाव काढले की गोंधळतात.

शिकलेली पोरे परत येणार नाहीत, असाही काही दात्यांचा सूर असतो. काही येणार नाहीत. नांदेड-पुण्याच्या सधन घरांतली मुले गावी परततात का, हे त्या दात्यांनी आपल्या घरात आधी पाहावे. परतण्याचे हमीपत्र लिहून घेण्यापेक्षा शोधप्रबंधाचा विषय ग्रामसभेच्या गरजेतून ठरवणे आणि त्याची मराठी प्रत व नकाशे ग्रामसभेच्या कपाटात जमा करणे सोपे. मग माणूस दूर गेला तरी मोजणी गावात राहते. यासाठी नवी इमारत नको. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे उत्तमराव राठोड यांच्या नावाचे आदिवासी विकास व संशोधन केंद्र किनवटलाच आहे. केंद्राला नाव दिलेले आहे, आता त्यात नावानिशी विद्यार्थी बसवायचे. निवड समितीत ग्रामसभांच्या बायका असाव्यात, आणि रक्कम जूनमध्ये द्यावी. तेंदूचा हंगाम मे महिन्यात आटोपतो, त्याची मजुरी पेरणीच्या बियाण्यात जाते, आणि कॉलेजची प्रवेश फी नेमकी त्यानंतरच्या आठवड्यांत भरायची असते.