विजेच्या उसळीपासून ध्वनियंत्रांचे संरक्षण

वळवाच्या दिवसांत आकाशात विजा कडाडू लागल्या की घरातील रेडिओ, अॅम्प्लिफायर किंवा दूरचित्रवाणी संच अकस्मात निकामी झाल्याच्या तक्रारी वाढतात. वास्तविक त्या घरावर वीज कोसळलेली नसते. मग हे नुकसान होते कसे?

घरगुती वीजपुरवठ्याचा दाब सामान्यतः २३० व्होल्ट असतो. तारांवर किंवा त्यांच्या आसपास वीज पडली, तर हा दाब क्षणार्धात हजारो व्होल्टपर्यंत उसळू शकतो. ही उसळी सेकंदाच्या दशलक्षांश भागांत मोजावी लागते. त्यामुळे फ्यूज वितळण्यापूर्वीच संचातील नाजूक भाग जळून जातात. स्टॅबिलायझरही येथे पुरेसा ठरत नाही. दाबातील सावकाश चढउतार सावरणे एवढेच त्याचे कार्य.

उसळी रोखण्यासाठी सर्ज प्रोटेक्टर वापरतात. त्यातील झिंक ऑक्साइडची चकती नेहमीच्या दाबाला वीज जवळजवळ वाहू देत नाही. मात्र मर्यादा ओलांडताच ती वाट मोकळी करते व उसळी जमिनीकडे वळविते. जमिनीशी जोडणी, म्हणजेच अर्थिंग, सदोष असेल तर या संरक्षणाचा मोठा भाग व्यर्थ जातो. कोरड्या जमिनीतून वीज सहज वाहत नाही. म्हणून उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालावे. चकतीही वारंवारच्या आघातांनी झिजते, तेव्हा संरक्षक दिवा विझलेले उपकरण बदलणे इष्ट.

उसळी केवळ विजेच्या तारेतूनच येते असे नाही. छतावरील एरियल, केबल आणि दूरवर नेलेल्या कर्ण्याच्या तारा हेही तिचे मार्ग होत. यास्तव वादळाची चिन्हे दिसताच प्लग व या सर्व तारा काढून ठेवाव्यात. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. गडगडाट सुरू झाल्यावर मात्र तारांना हात लावू नये. यंत्रापेक्षा जीव मोलाचा.

न्यूट्रल तार तुटल्यास होणारा बिघाड निराळा असतो. त्या वेळी घरात ४०० व्होल्टच्या जवळपास दाब येऊन तो टिकून राहू शकतो. त्यासाठी जादा दाब येताच पुरवठा तोडणारे स्वतंत्र उपकरण हवे.

शाळेचा ध्वनिवर्धक व ग्रामपंचायतीची ध्वनियंत्रणा ही लोकांच्या पैशातून उभी राहिलेली मालमत्ता आहे. तेथील अर्थिंगची तपासणी दरवर्षी पावसाळ्यापूर्वी परवानाधारक तंत्रज्ञाकडून करून घेतल्यास यंत्रे तर वाचतीलच, शिवाय ती हाताळणारे शिक्षक, कर्मचारी व विद्यार्थीही सुरक्षित राहतील.